चमकीची हळद

नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन वरमाय स्वतः आली. चांदीच्या वाटीतली हळद नुसती लखलखत होती. "बाजारातून खास चमकी आणून घातलीय मी," वरमाय कौतुकानं म्हणाली.

नलूमावशीनं वाटी हातात घेतली आणि चिमूटभर हळद तळहातावर घेऊन पाण्याखाली धरली. हळद वाहून गेली, चमकी चिकटूनच राहिली. आता पंधरा बायका हे तिच्या भाचीच्या तोंडाला फासणार होत्या.

"विहीणबाई, हे प्लास्टिक आहे हो. विरघळत नाही. डोळ्यात गेलं तर बुबुळ खरवडतं. आयशॅडोतल्या असल्याच कणानं माझ्या डोळ्याला पंधरा दिवस पट्टी होती."

"म्हणजे आमची हळद नाकारताय?"

उष्टी हळद परत पाठवायची म्हणजे लग्नच मोडायला बसल्यासारखं. नवरीच्या आईनं आपल्या या बहिणीला असा चिमटा काढला की दंडावर वळ उठावा. पण मावशीनं वाटी काही सोडली नाही.

"पण ही आधी त्यांना लावली ना?" नवरी म्हणाली आणि तिनं सरळ व्हिडिओ कॉल लावला.

नवरा मुलगा एका डोळ्यावर ओला टॉवेल धरून बसला होता. दुसरा डोळा लालबुंद. "डॉक्टरकडे निघालोय गं. आईला सांगू नकोस हं, फार हौसेनं केलंय तिनं."

वरमायला ऐकू गेलंच. तिनं डोळ्याला पदर लावला, मग मावशीसमोर गाल पुढे केला.

"साधी हळद कालवा. आधी मला लावा. लेकाच्या वतीनं मी उष्टी करते."