नुसती चूळ

चूळ म्हणजे पिणं नव्हे.

विमान सोसायटीवरून इतकं खाली गेलं की कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या.

सांगून आलेली मुलगी छत्तीस वर्षांची, कॉलेजात शिकवते.

साबुदाणा भिजलाय, दाण्याचं कूट संपलंय.

श्रीरंगच्या फोनवर उल्हासचा मेसेज: रात्री जेवायला घरी ना? वांगं आणलंय.

दारूच्या ठेक्यावर रविवारी सकाळीसुद्धा लाइन असते.

गेटवरच्या गार्डचा फोन येऊन गेला होता. पाहुणे आत आले होते, लिफ्ट बंद असल्यामुळे जिना चढत होते. वर, बाथरूममध्ये, तिघं दाटीवाटीनं उभी होती. बळवंतराव, चंद्रप्रभाबाई आणि त्यांचा एकेचाळीस वर्षांचा मुलगा श्रीरंग. बळवंतरावांच्या हातात फुलपात्र होतं. फुलपात्रात व्हिस्की.

"प्यायची नाही," बळवंतराव म्हणाले. "चूळ भर आणि थुंकून टाक. तोंडाला वास आला की काम झालं."

"बाबा, मी फेब्रुवारीपासून सोडलीय."

"म्हणून तर ही वेळ आली."

श्रीरंग पितो, हे द्वारकेपासून आर. के. पुरमपर्यंतच्या मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक होतं. चंद्रप्रभाबाईंनीच ते सांगितलं होतं, डोळ्यांना पदर लावून. खरंही होतं. त्यामुळे इतकी वर्षं कुणी स्थळ आणलं नाही. मग त्यानं सोडली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला चंद्रप्रभाबाईंनी पेढे वाटले, आणि पेढ्यांपाठोपाठ शेजारच्या सरलाकाकू स्थळ घेऊन आल्या.

"पेढे वाटायला कुणी सांगितलं होतं?" बळवंतरावांनी विचारलं. हे त्यांनी सकाळपासून बऱ्याचदा विचारलं होतं.

"पोरगं सुटलं माझं. आनंदसुद्धा तुम्हाला विचारून करू?"

"नाही म्हणून सांग ना त्यांना," श्रीरंग म्हणाला. "करायचं नाही लग्न. संपलं."

"का नाही, असं विचारतील. काय सांगू? उल्हास सांगू?" हे नाव त्या सहसा घेत नसत. 'तो गाझियाबादचा' म्हणत.

"सांग."

"दारूचं सांगता येतं रे. लोक हळहळतात, उपाय सुचवतात. कुणी अंगारा पाठवतं. तुझ्या त्या दुसऱ्याला अंगारा कोण पाठवणार?"

"आई, ते दुसरं होतं म्हणून मी प्यायला लागलो. शुद्धीत असताना कुणाचा हात धरायची हिंमत नव्हती माझ्यात. न पिता कुणाशेजारी बसलो, तो उल्हास पहिला."

"अच्छा," बळवंतराव म्हणाले. "म्हणजे चूक आमची."

"तसं नाही म्हणत."

"मग कसं म्हणतोस? एकाहत्तराव्या वर्षी मी ठेक्याच्या लाइनीत उभा राहिलो, यार. जोशांच्या जावयानं पाहिलं. नमस्कार केला त्यानं मला."

"डॉक्टरांनी सांगितलंय, थेंबसुद्धा चालणार नाही."

"पोटात नाही चालणार. हे तोंडात आहे."

चंद्रप्रभाबाईंना ते पटलं. "उपासाला मी आमटीचं मीठ जिभेवर ठेवून बघते आणि थुंकते. मोडतो का माझा उपास?"

 

जिन्यातून सरलाकाकूंचा आवाज आला. बस, आणखी एकच मजला, असं त्या कुणाला तरी सांगत होत्या. कुणीतरी धापा टाकत होतं.

"एकदाच," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "त्यांना वास येईल, ते आपणहून नाही म्हणतील. आपल्याला कारण द्यायला नको, त्यांचा अपमान नको. संध्याकाळी जा तू तुझ्या त्याच्याकडे. मी कधी अडवलंय?"

नव्हतं अडवलं. कधीच नव्हतं. श्रीरंगला सगळ्यात अवघड हेच जायचं.

बेल.

बळवंतरावांनी फुलपात्र पुढे केलं. श्रीरंगनं ते घेतलं, तोंडाला लावलं, चूळ भरली. त्याचे गाल फुगले.

"हां. बस. थुंक आता."

तो आरशात बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थुंक ना बाळा."

बेल पुन्हा वाजली. श्रीरंगचा गळा एकदा वरखाली झाला. बेसिन कोरडंच राहिलं.

चंद्रप्रभाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या दार उघडायला गेल्या. बाहेरून त्यांचं 'या, या' ऐकू आलं.

श्रीरंगनं रिकामं फुलपात्र वडिलांपुढे धरलं.

मुलीकडच्यांनी सरलाकाकूंना गेल्या दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, कुठलाही मुलगा दाखवा, पीत असला तरी चालेल.