पाठ केलेलं वाक्य

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या सीमेवरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला मराठी येत नव्हतं, आणि बेला गावच्या गिरजाला तेलगू. तिचं काही मोडलं, फुटलं की तेलगू येणारी सासू बयनाबाई तिला घेऊन यायची.

"तुमच्या लेकानं लाकडानं मारलं, सांगा त्यायले," गिरजा रडत म्हणायची.

"सांगतो व माय," म्हणत सासू दर वेळी डॉक्टरला तेलगूत तेच एक वाक्य सांगायची. डॉक्टर मान हलवून लिहून घ्यायचा, प्लास्टर घालायचा.

चौथ्या वेळी सासू माहेरी गेलेली. मोडका हात पदरात धरून गिरजा एकटीच बसनं आली. सासूचं वाक्य तिला पाठ झालं होतं. डॉक्टरसमोर तिनं ते न अडखळता, मोठ्यानं म्हटलं.



डॉक्टरनं मान हलवली आणि लिहिलं, "बैलबंडीवरून पडली."