बाबांचे पैलवान जंतू

तिसरी बशीही लख्ख निघाली आणि संशोधिकेच्या काळजात धस्स झालं.

पहिल्या दोन लख्ख निघाल्या तेव्हा ती जागच्या जागी नाचली होती. दात भरायच्या मसाल्यात तिनं एक नवा मोनोमर, म्हणजे साखळीत जोडला जाणारा रेणू, गुंफला होता, जंतूंना जवळ फिरकूही न देणारा. तिन्ही बश्यांत तिनं जंतू सोडले होते; त्या दोन बश्यांत त्याच मसाल्याच्या चकत्या होत्या. पण तिसरीतली चकती साधी, दुकानात मिळणाऱ्या मसाल्याची. तिच्यावर जंतूंचं रान माजायला हवं होतं. तिथेही शुकशुकाट! मग जंतू मारले कुणी?

बाहेर बूट वाजले. आज निकाल दिसला नाही तर या खोलीला कुलूप, असं संचालकांनी आधीच ठणकावलं होतं.

"तिसरी ड्रॉवरमध्ये टाक," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली. "दोन दाखव, टाळ्या घे. झाकली मूठ!"

संशोधिकेनं बशी उचलली. ड्रॉवर उघडलासुद्धा. आणि डोळ्यांपुढे एक दात आला, वरून चकचकीत भरलेला, आतून पोखरलेला. तिनं ड्रॉवर गुडघ्यानं ढकलून दिला.

"सर, प्रयोग फसलाय," दार उघडताच ती म्हणाली. "साध्या चकतीवरही जंतू नाहीत."

संचालकांनी बशी उजेडात धरली. कपाळावर आठ्यांचं जाळं. "का नाहीत? कारण सांगा, नाहीतर लावतो कुलूप."

"बश्या नव्या होत्या. जंतू वाढवायच्या पेटीची ऊब ठीक होती. चकत्या धुतल्या होत्या..." ती अडखळली. "उरली लाळ. जंतू लाळेतूनच घेतलेत."

"कुणाच्या?"

"माझ्या बाबांच्या. त्यांच्या तोंडातले जंतू म्हणजे पैलवान, सर! कधी हरत नाहीत."

"मग या वेळी आखाड्यात का उतरले नाहीत? लावा फोन."

तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, खरं सांगा. लाळ दिलीत तेव्हा कसल्या गोळ्या चालू होत्या?"

"छे गं! मी एकदम ठणठणीत."

"बाबा!"

पलीकडे खाकरणं झालं. "त्या... जंतू मारायच्या. दाढ ठणकतेय. उगाच तुझ्या डोक्याला ताप नको, म्हणून बोललो नाही."

संचालकांच्या आठ्या सुटल्या. "दुसऱ्या कुणाची तरी लाळ घ्या," ते म्हणाले, "आणि पुन्हा करा."

तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग असा काही राग उसळला की संचालक समोर आहेत हेही ती विसरली. "दाढ ठणकतेय आणि गोळ्या कसल्या गिळत बसलात? दातांच्या डॉक्टरांकडे का नाही गेलात?"

"ते जुनाच मसाला भरतील ना!" बाबाही चिडले. "म्हटलं, तुझा तयार होईपर्यंत कळ काढू."