हिरवोबा

वडील गेल्यावर लेकीने त्यांचा अर्धवट राहिलेला व्हिडिओगेम सुरू केला. त्यातला परग्रहावरचा सोबती हळूहळू खेळणाऱ्याचाच स्वभाव उचलायचा; वडिलांनी त्याचं नाव हिरवोबा ठेवलं होतं. भुयारात हिरवोबाला गोळी लागली. तिने जवळची एकमेव मलमपट्टी त्याच्या हातात कोंबली. “मला काय धाड भरलीये?” तो खेकसला. “तू तुझं काम बघ!” शेजारी बसलेला भाऊ कितीतरी दिवसांनी हसला. “ताई, हुबेहूब बाबा गं! चल पुढे, ठणठणीत आहे तो.” ती निघाली, पण वळणावर थबकली. फोनवर वडिलांचं हेच खेकसणं ऐकून ती निर्धास्त व्हायची. तिने पाठवलेली औषधं त्यांच्या उशीखाली सापडली होती, तशीच सीलबंद. “नाहीये तो ठणठणीत,” म्हणत ती मागे धावली. हिरवोबा भिंतीला टेकून थंड पडला होता. मलमपट्टी त्याने तिच्याच पिशवीत गुपचूप सरकवली होती.