फोटोपुरतं

नवरीचा मेकअप उरकला, तसे तिचे काका मेकअपवालीला आतल्या खोलीत घेऊन गेले. नवा कोट घातलेल्या आजोबांना पलंगावर उशांना टेकवून बसवलं होतं.

"यांनाही जरा तरतरीत करा. फोटोपुरतं."

तिने गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. गाल थंडगार होता.

"अहो, हे तर गेलेत!"

"हळू बोला. पहाटेच गेले. मुलाकडच्यांना कळलं, तर लग्न पुढे ढकलतील."

साबणाने खसाखसा हात धुऊन ती नवरीकडे गेली. कसं सांगावं, कळेना.

"अगं, तुझे आजोबा..."

नवरी आरशातून नजर न काढता म्हणाली, "ठाऊक आहे. फार गोरं नका करू हं त्यांना. फोटोत खोटं वाटतं."