हायरम पूलचा शेवटचा सिनेमा

ऑरिन टॅकेट गालांना साबण फासून आरशासमोर उभा होता. व्हर्जिल पूल दार न ठोठावताच आत आला.

“सापडला, ऑरिन. सिनेमा सापडला.”

“कुठला?”

“म्हातारचळ लागला का रे? ज्यात तू माझ्या भावाला मारलंस तो! दुसरा कॅमेरावाला मेला. त्याच्या माळ्यावर फिल्मचे डबे होते, आता माझ्या कोठारात आहेत. त्याचा कॅमेरा टेकडीकडे रोखलेला होता, आठवतं? मशीन शनिवारी येतंय. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये लावतो. गोळी झाडताना तुझं थोबाड कसं होतं ते मीही तेव्हाच बघीन, सगळ्या न्यूहॉल गावासोबत.”

“अंडी खाणार?” ऑरिनने विचारलं.

व्हर्जिल उंबऱ्यावर थुंकला आणि गेला.

लेटीने तवा उतरवला. “बाबा, दाखवू दे त्याला.”

“गप्प बस.”

“बत्तीस वर्षं झाली.”

“मीठ दे. आणि तोंड पाडू नकोस, अंडी नासतील.”

मुक्या सिनेमांच्या त्या काळात गोळ्या खऱ्या असत. खोट्या काडतुसाने धूळ उडत नसे. नेमबाज टेकडीवर झुडपाआड पालथा पडून नटाच्या बुटापासून वीतभर अंतरावर गोळी मारी. ऑरिनचं पोट त्यावर चाले. उन्हात त्याच्या डोळ्यांना पाण्याची धार लागे. तेवढं तो कंपनीपासून लपवी. बारा वर्षांची लेटी काडतुसांचा डबा घेऊन त्याच्या शेजारी असे.

त्या दिवशी गोळी व्हर्जिलच्या भावाच्या, हायरमच्या गळ्यात घुसली. तो गुडघ्यांवर कोसळला. बोटांच्या फटींतून रक्त उसळत होतं आणि दिग्दर्शक ओरडत होता, “वा! असाच मर!” सगळ्यांना कळेपर्यंत हायरम संपला होता.

ऑरिन टेकडी उतरून आला. “माझा हात हलला,” म्हणाला.

व्हर्जिलने त्याचा उजवा पंजा खडकावर धरला आणि दगडाने एकेक बोट ठेचलं. ऑरिनने हात मागे घेतला नाही. आठवड्याने त्याच मोडक्या हाताने त्याने फिल्मची शेड पेटवली आणि तीन वर्षं तुरुंगात काढली. सिनेमा गेला तो गेलाच, असं सगळे समजत होते.

अंडी खाल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ऑरिन रॉकेलचा डबा घेऊन व्हर्जिलच्या कोठारात शिरला. जुनी फिल्म दारूगोळ्यासारखी पेटते. छप्पर उडालं. आतल्या दोन गाई किंचाळत मेल्या. ऑरिनला बाहेर पडता आलं नाही. शवपेटी उचलणाऱ्यांना ती फार हलकी लागली.

दफनाच्या वेळी व्हर्जिलने पेटीला लाथ घातली. पाद्र्याने त्याला मागे ओढलं.

“सोडा मला! दोनदा जाळलं या भ्याडाने! स्वतःचं तोंड लपवायला स्वतः जळून मेला!” तो लेटीकडे वळला. “रडतेस कुणासाठी? असल्या बापाची लाज नाही वाटत तुला?”

लेटीने डोळे पुसले.

“व्हर्जिल,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “बाबांना त्या उन्हात काही दिसत नव्हतं. हायरमला मी मारलं.”