अमर होण्याचं सॉफ्टवेअर

गेममध्ये आपला गडी मरतच नाही, असं एक सॉफ्टवेअर मेहुण्याने पाठवलं होतं. बायको ऑफिसला गेल्यावर दाजींनी ते तिच्या ऑफिसने दिलेल्या, घरीच राहिलेल्या लॅपटॉपवर चढवलं. स्क्रीन लालभडक झाली : ‘धोका! व्हायरस!’

दाजींना दरदरून घाम फुटला. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. “अरे, तुझ्या ताईची नोकरी जाईल!”

“तुम्ही पण ना दाजी! असलं सॉफ्टवेअर दिसलं की अँटिव्हायरस उगाच भुंकतो. फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात त्याला. बंद करा त्याचं तोंड.”

दाजींनी अँटिव्हायरस बंद केला आणि गेम सुरू केला. तोच स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकू लागला. त्याने गेम बंद केला, कोरं पान उघडलं आणि त्यावर एकेक अक्षर उमटू लागलं.

‘अहो, मी आहे, ऑफिसमधून. तुम्ही अँटिव्हायरस बंद केलात आणि इथे बोंबाबोंब झाली. लॅपटॉप इथूनच तपासला, व्हायरस नाहीये. साहेब शेजारीच उभे आहेत. विचारतायत, व्हायरस नाही तर मग हा उद्योग कोणाचा? काय सांगू?’

 मेहुण्याचा फोन अजून चालूच होता.

“ऐक ना,” दाजी कुजबुजले, “एखादा खराखुरा व्हायरस आहे का रे तुझ्याकडे?”